निळी फीत

नदीपलीकडून नाव यायला अवकाश होता. दोघी बहिणी धक्क्यावरच्या बाकावर टेकल्या आणि त्यांच्या घरची गुलाम फिबी दोघींवर छत्री धरून मागे उभी राहिली. बाबांना पुरून आठवडाही झाला नव्हता.

"फिबीची सूकी तुझ्या वाट्याला आली, लुसिंडा. बाबांनी शेवटीही तुझंच भलं केलं."

"ताई, अगं चांदीची सगळी भांडी तुला दिलीत. सूकी काय, एवढीशी पोर."

"त्या एवढ्याशा पोरीला बाबांनी रिचमंडहून निळी फीत आणली होती. मला कधी काही आणलं?"

"हळू बोल. तिची आई मागे उभी आहे."

"ऐकू दे. पोरीची हनुवटी आपल्या दोघींसारखी कशी, ते तिला चांगलं ठाऊक आहे."

"ताई, पुरे."

"भांडी तू घे. पोरगी मला दे."

"काय करणार आहेस तिचं?"

"आधी केस कापीन, मग जॉर्जियात कापसाच्या शेतावर धाडीन. बांधू दे तिथे फीत."

"साखरदाणीसुद्धा देशील?"

"दिली."

"मग ने बाई."

"फिबी, छत्री नीट धर. ऊन येतंय तोंडावर."