ऐंशी नमुने आणि एक बोळकं

सकाळचे अकरा, पोलादपूरजवळच्या एका वाडीतलं समाजमंदिर. बोअरच्या पाण्याने दात जातात, अशी वाडीची तक्रार होती. तपासणी करून गेलेला तरुण डॉक्टर निकाल सांगत होता, "ऐंशी नमुने घेतले. बहुतेक चांगले. पाणी बदलायची गरज नाही."

अनुसयाकाकू उसळल्या, "ऐंशी माणसं हायत कुठं वाडीत? सगळी मुंबईला. तपासलीस ती आम्ही पाच म्हातारी!"

मी शेजारच्या गावातून बैठकीला आलो होतो. मी विचारलं, "डॉक्टर, नमुना म्हणजे काय?"

"एकेक दात."

"एका तोंडातले सगळे दात एकच पाणी पितात. तुमची माणसं पाचच!"

काकूंनी बोळकं उघडलं. "माझे किती धरलेस रे?"

"दातच नाहीत, आजी. काय धरणार?"

अहवाल तसाच मंजूर झाला. जिचे सगळे दात गेले, तीच त्यात का नाही, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.