गवताचा शेवटचा नंबर

"दादा, वहिनी अगदी गवत टाईप आहे. अटॅकमध्ये शेवटचा नंबर!" नणंद खुसखुसली. मी आत चहा गाळत होते. दोघं बहीणभाऊ मोबाईलवरच्या प्राण्यांच्या लढाईच्या खेळात कोणता टाईप जास्त जबर मारतो, याचे नंबर लावत होती. आग पहिली, पाणी दुसरं.

लग्नाला महिना झाला, तरी फुलपाड्याच्या या घरात मी मोजकंच बोलायचे. माहेरचं, सांडोरचं 'पानी' तोंडातून निसटलं की हसतील, ही धास्ती.

"माझ्या पाणीवाल्या मगरीला कोणी हरवून दाखवा," नवरा म्हणाला.

मी चहा ठेवला आणि तिथेच बसले.

"लावा माझं गवत समोर. आमच्या वाडीत केळी सगळं पानी पिऊन टाकतात!"