वायरीत पाय अडकून

—अहो मॅडम, ती काय सांगणार, तिचं तोंड सुजलंय अजून, मी सांगतो ना! हेच टेबल, हीच खुर्ची – इथे बसून ती दिवसभर तुमच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. घरून काम करणारे सुरक्षित आहेत का ते बघायला कंपनी माणूस पाठवते – चांगलं आहे हो, नाहीतर कोण कुणाला विचारतं! दोन महिन्यांत तीन अपघात. तिन्ही फॉर्म मीच भरले – पहिल्या खेपेलाच हिचा हात प्लास्टरमध्ये, टाइप कोण करणार? 'वायरीत पाय अडकून पडली.' तिन्हींत तेच, हो. बायको वेंधळी आहे माझी, पहिल्यापासून.

खरं सांगू? चूक तुमच्या मॅनेजरची. फोन चालू असताना दार बंद ठेवा, घरच्यांना आत घेऊ नका – हा कसला नियम? माझ्याच घरात मी उपरा! भर दुपारी भुकेला आलो, तर वीस मिनिटं दाराबाहेर, आणि आतून काय – 'हो सर, माफ करा सर, मी समजू शकते सर.' मला बारा वर्षांत कधी म्हणाली, समजू शकते? डोकं फिरणार नाही? कडी एका लाथेत निघाली – ती बघा, नवी बसवलीय. आणि हिनं काय करावं? हात वर केला, थांब म्हणून! मला! तोच हात धरला मग. नुसता धरला हो – हाडच कच्चं, त्याला मी काय करू? मोडल्याचा आवाज आला, तिकडे गिऱ्हाईक हॅलो हॅलो ओरडतंय, आणि ही बया तशातही 'माफ करा सर'! पुढच्या खेपेला हेडफोनच ओढला, केस आले त्यात थोडे. काल मात्र एकच – एकच ठेवून दिली.

काय शोधताय खाली? वायर? एक इंच दिसणार नाही! वीस वर्षं वायरमन आहे मी, हात फिरवून बघा – सगळी पट्टीतून, भिंतीला धरून. लोकांकडे नीट काम करायचं आणि स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार, हे आपल्याला चालत नाही. अपघातानंतर कशाला? टेबल आलं त्याच दिवशी बसवली, तारीखसुद्धा टाकलीय पट्टीवर, मी प्रत्येक कामावर टाकतो, वाचा ना –

वाचलीत? मग लिहा. लिहीत का नाही?

ए, तू का उठलीस? बस खाली. पर्स कशाला घेतलीस? मॅडम, झालं तुमचं काम, निघा आता. तिला कुठे नेताय? खांद्यावरचा हात काढा तुमचा. काढा म्हणतो ना, नाहीतर बाई आहात हे विसरेन मी – आणि दारात हे कोण? वर्दीवाले? तुमच्याबरोबर आलेत? मघापासून जिन्यात उभे होते?

काही नाही साहेब. आमचं आपलं घरातलं बोलणं चाललंय. हो. हो सर. माफ करा स—