चिंचोक्यांचा जुगार

उमापूरच्या गयाबाईचं तुम्हाला कधी सांगितलंय का? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. पाटी दिसली की एकेकीला घरचं काम आठवायचं. शेवटी मी पुठ्ठ्याची कार्डं केली आणि प्रत्येकावर बारा अक्षरं लिहिली. मी अक्षर पुकारायचं, ते जिच्या कार्डावर असेल तिनं त्यावर चिंचोका ठेवायचा. जिची ओळ आधी भरेल ती जिंकली. महिनाभरात बसायला जागा पुरेना.

एका दुपारी तपासणीला साहेब आले. बायका रंगात आल्या होत्या. मी समजावून सांगायला गेले, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. शेरेवही मागितली आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. आता वर्ग बंद होणार, असंच मला वाटलं.

तेवढ्यात गयाबाई उठली आणि साहेबांच्या शेजारी जाऊन वहीवर वाकली. बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, "म-हि-ला जु-गा-र खे-ळ-ता-त." मग शांतपणे म्हणाली, "सायेब, तीन महिन्यामागं मला माजं नाव वाचता येत न्हवतं. ह्याच जुगारात शिकले बगा."

साहेबांनी शेरा खोडला, खाली नवी ओळ लिहिली आणि वही तिच्याच हातात दिली.

गयाबाईनं सावकाश वाचलं, "वर्ग चालू ठेवावा." मग वही मिटून म्हणाली, "बसा की सायेब. तुमाला बी एक कार्ड देते."