ऑर्व्हिलच्या हाताचं काय?

...नाही, पण हाताचं काय? एवढंच विचारलं होतं हो मी! तुम्हाला सांगतो, लॉ स्कूलचा पहिला आठवडा, अमेरिकन कायद्याची तोंडओळख म्हणे... कसली तोंडओळख, बोलतीच बंद! व्हिटलॉक बाई हातात नावांचा तक्ता घेऊन उभ्या, बोट कुणावर पडेल नेम नाही, अख्खा वर्ग श्वास रोखून... आणि पडलं माझ्यावर. "मिस्टर गॅलवे, खटला सांगा."

मी भडाभडा सांगितला. ऑर्व्हिल टॅनर, इंडियानाचा सुतार, यंत्रकरवतीत उजवा हात गेला, वकिलानं करवतीच्या कंपनीवर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा लावला, आणि जिंकला की! मला तर भरूनच आलं. बाई म्हणतात, "कंपनी कुठल्या राज्यातली?" म्हटलं, "इंडियानाच." "मग दोघं एकाच राज्यातले, फेडरल कोर्टाला अधिकार होता?" आता मला काय ठाऊक, की दोघं वेगवेगळ्या राज्यांतले असले तरच असला दावा तिथे चालतो! वरच्या कोर्टाला म्हणे निकालानंतर कळलं, अधिकारच नव्हता. झालं! निकाल रद्द, जा घरी! म्हटलं, "पण बाई, हाताचं काय?" वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. "हाताचा प्रश्न आपल्यासमोर नाही, मिस्टर गॅलवे."

तेव्हापासून तो मागे लागला. कोण म्हणजे काय? ऑर्व्हिल! मेला असेल कधीच... कॅन्टीनमध्ये सूप घेऊन बसतो, तर समोर रिकामी बाही. लायब्ररीत पान उलटतो, तर पलीकडे कुणीतरी डाव्या हातानं उलटतंय. बोलत नाही हो, नुसता बघतो! भीती वाटते, खरंच वाटते. वर्गात शेजारी बसणारी प्रिसिला म्हणते, "अरे, त्याच्याकडे बघायचंच नाही. सगळे शिकतात." शिकलो बाबा! घोकघोक घोकलं: कोर्ट कुठलं ते आधी, माणूस मग.

आणि रविवारी आईचा फोन, ओहायोहून, रडत. "अरे, बाबा नव्या शिडीवरून पडले, पाय मोडला!" आणि माझ्या तोंडून, तुमची शपथ, या माझ्याच तोंडून... "शिडीची कंपनी कुठल्या राज्यातली?"

आई मग हळूच म्हणाली, "पण... पायाचं काय?"

मागून बाबा कण्हत ओरडले, "ठेव गं फोन! झाला पोरगा वकील."

ऑर्व्हिल त्यानंतर आला नाही. मी अजून समोरची खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवतो... पण वकिलाकडे कशाला येईल तो? एकदा गेला होता की!