ज्या घरचं पोर शाळेत नाही

(साल १८८७. दिव्याजवळ खाडीकाठचं मिठागरवाल्यांचं गाव. सकाळची वेळ. सगुणाच्या दारात तिचा भाऊ काळुराम पाटील आणि गावच्या शाळेचे त्र्यंबक मास्तर येऊन उभे आहेत.)

सगुणा : तिथंच रावा, पाटील. उंबऱ्याच्या आत नको.

काळुराम : बाय, मना पाटील म्हंतेस? सख्खा भाव हाय मी तुजा.

सगुणा : भाव असता तं त्या दिवशी आत आला असता. गल्लीच्या तोंडाशी येऊन माघारी गेला तो पाटील. नाथाला हातावर घेऊन आमी दोगं दारातनं निघालो, आन् तू पाठ फिरवलीस. मी पाह्यलं.

काळुराम : मना वाटलं, तुजं ध्यान नव्हतं.

सगुणा : मेलेलं पोर उचललं तरी डोले उघडेच असतात. गावातलं कोन कोन दार लावून बसलं, तेबी पाह्यलं.

मास्तर : सगुणाबाई, मी थोडं बोलू का?

सगुणा : तुमीबी दारातच बोला, मास्तर.

मास्तर : चालेल. पोर आजारी पडलं त्या दिवशी पाटील सकाळपासून गावात नव्हते. शाळेच्या छपरासाठी साहेबांना भेटायला कल्याणला गेले होते. नाथाला इतका ताप भरलाय हे त्यांना संध्याकाळी परतल्यावर कळलं.

सगुणा : मना ठाऊक हाय ना ते. होडीवाला पंढरी येऊन सांगून गेला सगलं.

काळुराम : पंढरी काय म्हनला?

सगुणा : तुज्या कानावर नाय आलं?

काळुराम : होडी मिलाली नाय, इतकंच कललं.

सगुणा : मिलाली नाय कशी? होडी व्हती. भरती चढलेली व्हती. मी नाथाला गोधडीत गुंडालून पंढरीच्या होडीपाशी गेले. म्हनले, ठान्याला ने, तिथं डाक्तर हाय. पंढरीनं वल्हंबी उचललं. मग ठेवलं खाली. म्हनला, वैनी, तुजं घर नियमात नाय. पाटलाला इचारून येतो, नाय तं माज्या पोरीच्या लग्नाला गाव यायचा नाय.

काळुराम : नियमात होडीचं नव्हतं काय. ज्या घरचं पोर शालेत नाय, त्या घरच्या लग्नाला नि मयताला गावानं जायचं नाय. येवढंच व्हतं. आजारी मानसाचं मी कवा बोललो?

सगुणा : नाय बोललास. पन भ्यालेला मानूस मोजून भितो व्हय? तो तुज्या घरी गेला. तू नाय. तुजी बायको म्हनली, मी कशी सांगू, ते येतील येवढ्यात. तो तुजी वाट बघत तुज्या ओट्यावर बसला. मी होडीत बसले, पोराला मांडीवर घेऊन. आन् पानी उतरलं. होडी चिखलात टेकली. मग पंढरी धावत आला, म्हनला, चल वैनी, जे व्हईल ते व्हईल. होडी ढकलत व्हता छातीएवढ्या चिखलात, आन् रडत व्हता. ती काय हलनार व्हती?

काळुराम : मना हे कोनी सांगितलं नाय.

सगुणा : तुला कोन सांगनार? तुला सगला गाव भितो.

मास्तर : दोष एकट्या पाटलांचा नाही. ते मागं एकदा म्हणाले होते, सगुणाचं घर वगळू या, तिचा नवरा धोंडीबा आंधळा आहे. मीच नको म्हटलं. एका घराला सवलत दिली की उद्या प्रत्येक घर कारण घेऊन येईल, असं मला वाटलं.

सगुणा : मी तुमच्याकडं आले व्हते, मास्तर. आठवतं?

मास्तर : आठवतं.

सगुणा : म्हनले, मिठाच्या चकाकीनं ह्यांचे डोले गेले. नाथा पुढं चालतो म्हनून ह्यांना आगरावर जाता येतं. बांध फुटलाय, इथं खाच हाय, सगलं तो सांगतो. तुमी काय म्हनलात? वर्षभर शिकू द्या, मग बापाला वाचून दाखवील. बापाला वाचून नको व्हतं, मास्तर. बापाला चालायचं व्हतं.

मास्तर : खरं आहे. पण पोर हुशार होतं. एकदा देवळाच्या पायरीशी भेटला तेव्हा चुणचुणीत बोलला माझ्याशी. त्याला शाळा आवडली असती.

सगुणा : नाय. आता तो गेलाय म्हनून काय बी बोलू नका. त्याला शालेचं भ्या वाटायचं. तुमचा आवाज आला तरी पाठीमागच्या वाटेनं पलायचा. त्याला चिखलात हात घालून निवट्या मासोल्या धरायला आवडायचं. बापाशी बोलत चालायला आवडायचं. शिकला असता तं मोठा झाला असता का, मना नाय ठाऊक. मना तो तसाच पुरे व्हता.

काळुराम : बाय, मी येवढंच सांगाया आलोय. उद्या देवलात पंच बसतात. मी नियम मोडनार. ज्याला पाठवायचं त्यानं पोर शालेत पाठवावं, ज्याला नाय त्यानं नाय. कोनावर जबरी नाय.

मास्तर : पाटील, वाटेत आपण बोललो होतो. आज ठरवू नका.

काळुराम : ठरवलंय मी.

मास्तर : मग सगुणाबाईंसमोरच बोलतो, त्यांचा राग मला लागला तरी चालेल. सरकार सक्ती करत नाही. साहेब म्हणतात, ज्याची इच्छा त्यानं शिकावं. पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं. रिकाम्या देवळात मी एकटा पाटी मांडून बसायचो. इच्छा असलेली पोरंसुद्धा यायची नाहीत, कारण घरचे म्हणायचे, शेजाऱ्याचं नाही जात, मग आपलंच का? तुम्ही नियम केलात म्हणून दगडूची पोरं आली. सहदेवचा मुलगा आला. उद्या सक्ती गेली की तुमचा आनंदा शिकेल, पाटलाचा मुलगा आहे. ती पोरं परत आगरात उतरतील.

काळुराम : उतरू देत. जिवंत राहतील.

मास्तर : खालच्या अंगाची आगरं कशी गेली ते विसरलात? ती बंद करायची सरकारी नोटीस देवळाच्या भिंतीवर चिकटवली होती. अख्ख्या गावात कुणाला ती वाचता आली नाही. मुदत टळली, शिपाई बांध फोडायला आले, तेव्हा कळलं. त्या दिवशी तुम्हीच मला म्हणालात, मास्तर, हा गाव मी शिकवल्याबिगर मरायचा नाही.

काळुराम : म्हनलो व्हतो. तवा माजा भाचा जिता व्हता.

सगुणा : पाटील, एक इचारू?

काळुराम : इचार.

सगुणा : गल्लीच्या तोंडापर्यंत आलास. मग का फिरलास? मना दुसरं काय नको, तेवढंच सांग.

काळुराम : तिथं सखुबाईचं घर हाय.

सगुणा : हाय.

काळुराम : ती दारात उभी व्हती. मागल्या साली तिचा सासरा गेला. तिनं पोर शालेत घातलं नव्हतं. मी गावाला जाऊ दिलं नाय. तिच्या दोगा दिरांनी म्हातारा उचलला, वाटेत टेकवत टेकवत नेला. ती माज्याकडं बघत व्हती, बाय. मना वाटलं, तिच्या सासऱ्याला मी वालीत टाकलं, आन् आता माज्या बहिनीचं पोर म्हनून मी जातो, तं हिच्या तोंडाकडं कुठल्या तोंडानं बघू? पाय पुढं टाकवेना. म्हनून फिरलो. घरी जाऊन आडवा परलो. जेवलो नाय. ते सांगून काय उपयोग.

सगुणा : सखुबाई आली व्हती.

काळुराम : कुठं?

सगुणा : तू गेल्यावर. माज्या मागं मागं खाडीच्या काठापर्यंत आली. खड्डा ह्यांनी खनला. दिसत नाय, हातानं चाचपून खनत व्हते. सारखं इचारायचे, पुरा झाला का गं? पुरा झाला का? मी हो म्हनले. पुरा झाला नव्हता. पन मना बघवत नव्हतं. तवा सखुबाई आत उतरली, आन् तिनं उरलेला खनला. मातीबी तिनंच लोटली. माजे हात उठत नव्हते.

मास्तर : पाटील, बसा जरा. इथं ओट्याला टेका.

काळुराम : नको. ती बस म्हनली नाय.

सगुणा : बस.

काळुराम : बाय, उद्यापासून माजा आनंदा येईल. शालेतनं काढतो त्याला. धोंडीबाला आगरावर नेईल, आनील. नाथाच्या जागी.

सगुणा : नाथाची जागा नाय ती. आन् तुज्या पोराला त्यात घालू नको. पाटी घेऊन जातो तो, तवा माज्याकडं बघून हसतो. जाऊ दे त्याला.

काळुराम : मग नियम मोडतो, तेवढं तरी घे.

सगुणा : काय करू ते घेऊन? आजारात मोडला असतास तं पोर ठान्याला गेलं असतं. आता मोडलास तं लोक काय म्हनतील? सगुणाचा नाथा मेला, आन् गावची शाला बुडाली. माज्या पोराचं नाव त्यासाठी नको घ्यायला कोनी.

मास्तर : म्हणजे नियम ठेवावा म्हणता?

सगुणा : ते तुमी गावानं बघा. मी एक सांगते. मयताला जायचं नाय, आजाऱ्याला बघायचं नाय, असं करून पोरं शालेत आनू नका.

मास्तर : मग कशी आणायची? धाक काढला तर येतील का?

सगुणा : मना नाय ठाऊक. कदाचित येनार नाय.

मास्तर : तुम्ही रागावून म्हणता असं नाही वाटत मला.

सगुणा : राग हाय. पन हे रागानं नाय बोलत. दगडूची बायको परवा पान्यावर भेटली. तोंड लपवून म्हनली, माजा पोरगा आता नाव लिवतो. मना बरं वाटलं. मग घरी येऊन लय रडले. दोनी खरं हाय. तुमी त्यातलं एक मागता, ते मना देता येत नाय.

काळुराम : उद्या मी पंचांना सांगतो. लग्न-मयताचं कलम काढतो. पहिला सखुबाईच्या दारात जातो. पोरं शालेत आनायची तं घरोघर जाऊन मागीन, हात जोडीन. नाय आली तं मास्तर परत एकटे बसतील.

मास्तर : बसेन. मला सवय आहे त्याची.

काळुराम : धोंडीबा कुठं हाय? आत?

सगुणा : आगरावर. काठी घेऊन गेले. काल दोनदा चिखलात परले. सांगत नाय, पन कपडे मीच धुते.

काळुराम : मी नेतो त्याला. आनंदा नाय, मी. रोज.

सगुणा : पाटील आंधल्याला घेऊन बांधावरनं चालनार. लोक बघतील.

काळुराम : बघू दे.

सगुणा : त्यांना जमनार नाय. नाथाच्या खांद्यावर हात ठेवून चालायची सवय. तू उंच हायस.

काळुराम : वाकून चालेन.

सगुणा : उजाडायच्या आदी ये मग. आन् दारात आलास की मना हाक मारू नको. हाक त्यांना मार.