कटल्याची मादी माझ्या हातून सुटली

भाभी, साहेब, आणि तळ्यावरच्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला लावू नका, असं मी सकाळपासून सांगत होतो. माझी शाळा चौथीपर्यंतची. त्यात काही विसरेन, काही भलतंच बोलून जाईन, ही धास्ती. पण मघाशी श्रद्धांजली वाहताना साहेब म्हणाले, इस्माईलभाईंच्या हातून सगळ्या नोकरीत एकच चूक झाली. ते ऐकलं आणि मला बसवेना.

ती चूक त्यांची नव्हती. माझी होती.

नव्या माणसांसाठी सांगतो. पूर्वी माशांचं बीज कलकत्त्याहून रेल्वेने, डब्यांतून यायचं. कितीतरी वाटेतच मरायचं. इस्माईलभाईंनी मनावर घेतलं की बीज इथंच, मुळशीत करायचं. तेही साधं नाही, संकरित. कटल्याची मादी आणि रोहूचा नर. अंग कटल्यासारखं भरदार, डोकं रोहूसारखं लहान. त्यासाठी माशांना इंजेक्शन द्यायचं आणि हाप्यात ठेवायचं. हापा म्हणजे पाण्यात बांधलेली कापडी पेटी, वर गाठ मारून बसवलेलं झाकण. मग नुसती वाट बघायची. हाप्याजवळ कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणायचे, "बाळंतिणीच्या खोलीत कुनी गप्पा मारतं व्हय?"

त्या आषाढात अंड्यांनी पिकलेली मादी एकच मिळाली. राखण माझ्याकडे. मला कुठला धीर? जिवंत असेल ना, तडफडत नसेल ना? तीनदा झाकण उचलून पाहिलं. चौथ्यांदा उचललं आणि मादी उसळली, ती थेट तळ्यात. सगळा हंगाम गेला.

भाई आले. 

"तात्या, किती येळा बघितलं?"

"चारदा."

"मंग तीनदा तरी ऱ्हायली की बिचारी."

तेव्हाच्या साहेबांना त्यांनी सांगितलं, हाप्याची गाठ माझ्याच हातून सैल राहिली. त्यांना मेमो मिळाला. मी शेजारी उभा होतो. गप्प. नंतर म्हणालो, "भाई, मी जाऊन खरं सांगतो." तर म्हणाले, "तुमी रोजंदारीवर हाय. तुमाला काढत्याल. मला नुसता कागद देत्याल."

पुढच्या वर्षी मादीची अंडी त्यांनी पोट दाबून घमेल्यात काढली, वर नराचं पाणी सोडलं. आता ते कोंबडीच्या पिसाने ढवळायचं. जरा जोर लागला की अंडी फुटतात. सगळे हात पुढे करून उभे. त्यांनी पीस मला दिलं.

"भाई, माझा हात थरथरतो."

"म्हून तर देतोय. लई हलकं ढवळलं जाईल."

दुसऱ्या दिवशी अंड्यांत जीव वळवळताना दिसला.  भाईंनी माझ्या पाठीवर ओला हात ठेवला, एवढंच. त्या घमेल्यातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पुढे पार मुठा नदीपर्यंतच्या तळ्यांत गेली. ज्याने हंगाम घालवला, त्याच्याच हातात हंगाम देणारा माणूस तुम्ही कुठं पाहिलाय? मी तरी एकच पाहिला.

साहेब, तो मेमो अजून त्यांच्या फाइलीत आहे. त्यावर माझं नाव घाला. भाभी, हे मी ते असताना सांगायला हवं होतं. तेव्हा मी गप्प राहिलो, ती गप्प राहायची जागा नव्हती. आता आहे.

सगळ्यांनी उठून उभं राहा. हाप्याजवळ ते आपल्याला उभं करायचे, तसंच. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

भाई, या वेळी मी झाकण उचलणार नाही.